हाँगकाँग आणि 'परिपक्व परिस्थिती'ची प्रतीक्षा

१९४९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात चीनच्या साम्यवादी जनमुक्ती सेनेने दक्षिणेकडील कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, जिंकले आणि ती शेनझेनच्या चिंचोळ्या नदीपाशी येऊन ठेपली. नदीपलीकडे ब्रिटिशांची हाँगकाँग वसाहत होती. च्यांग कै-शेकच्या लक्षावधी सैन्याची धूळधाण करून आलेल्या त्या सेनेला ही नदी ओलांडणे मुळीच अवघड नव्हते. साम्राज्यवादाचा समूळ नायनाट करण्याची घोषणा तर साम्यवादी राजवटीने नुकतीच जगाला ऐकवली होती. तरीही सेना थांबली, आणि थोडीथोडकी नव्हे, तब्बल ४८ वर्षे थांबली. स्वतःला साम्राज्यवादविरोधी लढ्याचा अग्रदूत म्हणवणाऱ्या राज्यसत्तेने आपल्याच उंबरठ्यावरील परकीय वसाहत इतकी वर्षे का खपवून घेतली? या प्रश्नाच्या उत्तरात साम्यवादी चीनचा अवघा स्वभाव सामावलेला आहे. आज हिमालयाच्या सीमेवर त्याच चीनशी गाठ पडलेल्या आपल्या देशाने ते उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

अफूच्या व्यापारातून जन्मलेली वसाहत

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. हाँगकाँगवरील चीनचा दावा खोटा नव्हता. चीनमध्ये अफू विकण्याचा आपला 'हक्क' शाबूत राखण्यासाठी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग बेट गिळंकृत केले. दुसऱ्या युद्धानंतर १८६० साली समोरचा कौलून द्वीपकल्पाचा भाग घेतला आणि १८९८ साली त्यामागचा विस्तीर्ण प्रदेश ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पदरात पाडून घेतला. या पापात आपल्या भूमीचाही नकळत वापर झाला. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत असे आणि तिच्यावरील कर ब्रिटिश सरकारच्या तिजोरीत पडत असे. ज्या सत्तेने आपल्याला दीडशे वर्षे दास्यात ठेवले, तिनेच चीनचा असा मानभंग केला. म्हणून गेलेली भूमी परत मिळावी या चिनी जनतेच्या भावनेविषयी भारतीय मनात सहानुभूतीच असायला हवी.

प्रश्न भूमीच्या हक्काचा नाहीच. त्या भूमीवर राहणाऱ्या माणसांचे काय करायचे, याविषयी बीजिंगच्या मनात काय होते, हा खरा प्रश्न आहे.

बोका आणि शिंके

साम्यवादी नेतृत्वाने हाँगकाँगविषयी जे धोरण ठरवले त्याचा गाभा दोन शब्दसमूहांत सांगितला जाई : दीर्घकालीन विचार आणि पुरेपूर उपयोग. उपयोगही नानाविध होता. जानेवारी १९५० मध्ये ब्रिटनने साम्यवादी चीनला मान्यता दिली. अमेरिका मात्र ती द्यायला तयार नव्हती. हाँगकाँगच्या सुरक्षेची चिंता असलेला ब्रिटन चीनशी फार वाकड्यात शिरणार नाही आणि पाश्चात्त्यांच्या एकजुटीत एक फट कायम राहील, हे बीजिंगने हेरले होते. कोरियाच्या युद्धाच्या काळात चीनवर व्यापारी निर्बंध लादले गेले, तेव्हा औषधे, यंत्रे आणि माहिती आत येण्याची खिडकी हाँगकाँगच होती. चीनमधून येणारे धान्य, भाज्या आणि मांस यांवर हे शहर जगे आणि त्याची किंमत चीनच्या तिजोरीत पौंड-डॉलरच्या रूपाने जमा होई. १९६५ सालापासून तर ग्वांगदोंग प्रांतातील दोंगजियांग नदीचे पाणी नळातून हाँगकाँगला विकले जाऊ लागले. पाण्याची चावी ज्याच्या हाती, त्याला तोफा डागण्याची घाई कशाला असेल?

शिंके तुटले आणि बोक्याचे साधले, असे आपण म्हणतो. येथे तर शिंके केव्हा तुटणार तेही बोक्याला ठाऊक होते. भाडेपट्टा ३० जून १९९७ रोजी संपणार होता. तोवर शिंक्यावरचे लोणी दुसऱ्याने राखावे आणि वाढवावे, यात चीनचा लाभच होता.

मात्र या संयमाला एक अट होती. १९५८ च्या प्रारंभी पंतप्रधान चौ एन-लाय यांनी केनेथ कँटली या ब्रिटिश गृहस्थामार्फत लंडनला एक निरोप धाडला. त्याची नोंद ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागारातील कागदपत्रांत आहे. हाँगकाँगला स्वयंशासनाकडे नेण्याचा कोणताही प्रयत्न चीन अत्यंत अमित्रत्वाचे कृत्य मानील आणि वसाहतीची सद्यःस्थिती आहे तशीच राहावी अशी चीनची इच्छा आहे, असा त्या निरोपाचा आशय होता. साम्यवादी चीनचा पंतप्रधान ब्रिटिश साम्राज्याला सांगत होता की, तुमचा गव्हर्नर राहू द्या, तुमचा ध्वज राहू द्या, परंतु येथील चिनी माणसाला मताधिकार देऊ नका! वसाहतवादाला चीनचा विरोध नव्हता. हाँगकाँगची माणसे स्वतःच्या भवितव्याविषयी बोलू लागतील, याचेच त्याला भय होते.

आणि ही माणसे होती तरी कोण? १९४५ साली सुमारे सहा लाख असलेली तेथील लोकसंख्या १९५१ पर्यंत वीस लाखांवर गेली. त्यांतील अनेक जण साम्यवादी राजवटीपासून जीव घेऊन पळालेले होते. १९६२ च्या मे महिन्यात, माओच्या 'महान झेपे'ने लादलेल्या भीषण दुष्काळानंतर, सीमेवर पुन्हा लोंढे आले. ज्यांनी पायांनी मतदान केले होते त्यांच्या हाती मतपत्रिका पडू नये, हा बीजिंगचा हेतू होता.

गोव्याचा आरसा

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेने गोवा, दमण आणि दीव पोर्तुगीजांच्या साडेचारशे वर्षांच्या जोखडातून मुक्त केले. या मुक्तीचे पडसाद मॉस्को-बीजिंग वादातही उमटले. क्युबाच्या पेचप्रसंगात सोव्हिएत संघाने माघार घेतल्याबद्दल चीन ख्रुश्चेव्ह यांची टर उडवत होता. डिसेंबर १९६२ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी त्याची परतफेड केली. हाँगकाँग आणि मकाव येथून येणारा वसाहतवादाचा दर्प गोव्यातल्या दर्पापेक्षा गोड नाही, असा बोचरा टोला त्यांनी हाणला. भारताने आपल्या अंगणातील पोर्तुगीज काटा उपटून टाकला, तुम्ही मात्र मकावमध्ये त्याच पोर्तुगालला नांदवता, हा त्याचा उघड अर्थ होता.

८ मार्च १९६३ रोजी चिनी साम्यवादी पक्षाच्या मुखपत्राने याला दिलेले उत्तर मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. हाँगकाँग व मकाव हे इतिहासाने मागे ठेवलेले प्रश्न आहेत, परिस्थिती परिपक्व झाल्यावर ते वाटाघाटींनी सोडवले जातील, तोवर आहे ती स्थिती राहील, असे त्यात म्हटले होते. त्याच उत्तरात चीनवर लादल्या गेलेल्या विषम करारांची यादी दिली होती आणि तीत झारशाही रशियाने विशाल भूप्रदेश बळकावलेले करारही मोजले होते. लहानशा मकावचे नाव काढताच चीनने रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रांतांकडे बोट दाखवले. दावा सोडायचा नाही, योग्य वेळेपर्यंत फक्त बासनात बांधून ठेवायचा, ही ती रीत!

'परिस्थिती परिपक्व झाल्यावर' हे शब्द भारतीय वाचकाच्या कानाला ओळखीचे वाटायला हवेत. १९५४ साली तिबेटविषयक करार करताना आणि पंचशीलाचा उद्घोष करताना चीनने सीमेचा प्रश्न काढला नाही. मग २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात चौ एन-लाय यांनी पंडित नेहरूंना कळवले की, भारत-चीन सीमा औपचारिकपणे कधी आखलीच गेलेली नाही. १९५४ मध्ये हा विषय का निघाला नाही, याचे कारणही त्यांनी दिले होते : तेव्हा तो सोडवण्यास परिस्थिती परिपक्व नव्हती! दरम्यानच्या वर्षांत अक्साई चीनमधून रस्ता बांधून पूर्ण झाला होता. तीन वर्षांनंतर काय घडले ते प्रत्येक भारतीयाच्या उरातील शल्य आहे. आपल्या तत्कालीन राज्यकर्त्यांनी चीनच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला. ते मौन म्हणजे केवळ प्रतीक्षा होती.

वसाहतींच्या यादीतून नाव गायब

सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत ही प्रतीक्षा थोडी डळमळली. डिसेंबर १९६६ मध्ये मकावमध्ये दंगली उसळल्या आणि जानेवारी १९६७ अखेर पोर्तुगीज गव्हर्नरला माफीनाम्यावर स्वाक्षरी करावी लागली. तेव्हापासून मकाववर पोर्तुगालचा ध्वज राहिला, पण हुकमत बीजिंगधार्जिण्यांची झाली. १९६७ साली हाँगकाँगमध्येही बॉम्बस्फोट आणि हिंसाचार झाला, ५१ जण मृत्युमुखी पडले. पण बीजिंगने सेना पाठवली नाही. दुभती गाय कापायची नसते, एवढे भान त्या उन्मादातही शाबूत होते. पुढे १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालने आपल्या वसाहती सोडून देण्याचे ठरवले, तेव्हा मकाव परत घेण्याची घाईही चीनने केली नाही. मकाव घेतले तर हाँगकाँगचे भांडवल बिथरेल, हा त्यामागील हिशेब होता.

परंतु या साऱ्या कालखंडातील निर्णायक खेळी ना सैन्याने केली ना दंगलखोरांनी. ती एका पत्राने केली. ऑक्टोबर १९७१ मध्ये साम्यवादी चीनला संयुक्त राष्ट्रसंघात स्थान मिळाले आणि अवघ्या पाच महिन्यांत, ८ मार्च १९७२ रोजी, त्याचे प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांनी वसाहतमुक्ती समितीला लिहिले की, हाँगकाँग आणि मकाव या वसाहती नसून चीनचे प्रदेश आहेत, सबब त्यांची नावे वसाहतींच्या यादीतून वगळावीत. त्याच वर्षी आमसभेने ती वगळली. ब्रिटनने लक्षणीय विरोध केला नाही. वरकरणी हा शाब्दिक फेरफार वाटतो. पण यादीतील वसाहतीला आत्मनिर्णयाचा आणि स्वातंत्र्याचा मार्ग आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोकळा असतो. यादीतून नाव गेले आणि लक्षावधी माणसांचा तो हक्क एका ठरावासरशी नाहीसा झाला. त्यांना कोणी विचारलेही नाही.

येथे गोव्याच्या आरशात पुन्हा डोकावले पाहिजे. डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यात डिसेंबर १९६३ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, विधानसभेच्या निवडणुका झाल्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांचे मत घेण्यात आले. कौल विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. महाराष्ट्रातील अनेकांना तो रुचला नाही, आजही काहींच्या मनात त्याची खंत असेल. परंतु तो कौल सर्वांनी शिरोधार्य मानला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. त्याच १९८७ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगाल आणि चीन यांनी मकावच्या हस्तांतराचा करार केला आणि मकावच्या एकाही नागरिकाला मत विचारले नाही. पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटलेल्या दोन भूमींची ही दोन प्रारब्धे आहेत. भारताने आपल्या माणसांना जवळ केले, चीनने आपली मालमत्ता ताब्यात घेतली.

दोन करार, एकच गत

भाडेपट्ट्याची अखेर जवळ येऊ लागली तेव्हा चीनचे हेतू उघड होऊ लागले. १९७९ साली हाँगकाँगचे गव्हर्नर मॅक्लेहोज बीजिंगला गेले असता डेंग शियाओपिंग यांनी गुंतवणूकदारांना निश्चिंत राहण्याचा निरोप दिला, पण सार्वभौमत्वाबाबत तडजोड नाही हेही बजावले. सप्टेंबर १९८२ मध्ये मार्गारेट थॅचर फॉकलंडच्या विजयाच्या धुंदीत बीजिंगला पोहोचल्या. मनात आणले तर हाँगकाँग एका दुपारीत घेता येईल, असे डेंग यांनी त्यांना ऐकवले. थॅचरबाईंनीच ते पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. हाँगकाँगच्या प्रतिनिधींना या वाटाघाटींत स्वतंत्र स्थान नसावे, यावरही चीन अडून बसला.

१९ डिसेंबर १९८४ रोजी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या झाल्या. 'एक देश, दोन व्यवस्था', उच्च प्रतीची स्वायत्तता, स्वतंत्र न्यायसंस्था, भाषण-मुद्रण-सभास्वातंत्र्य आणि ही जीवनपद्धती ५० वर्षे, म्हणजे २०४७ पर्यंत, न बदलण्याचे अभिवचन त्यात होते. जगाने टाळ्या वाजवल्या. परंतु तिबेटचा इतिहास जाणणाऱ्याने त्या टाळ्यांत सूर मिसळला नसता. २३ मे १९५१ च्या सतरा कलमी करारात तिबेटलाही हेच सांगितले गेले होते : तुमची राज्यव्यवस्था बदलणार नाही, दलाई लामांचे स्थान अबाधित राहील, धर्म आणि रूढींचा मान राखला जाईल. आठ वर्षांत ल्हासा रक्ताने माखले आणि दलाई लामांना भारताचा आश्रय घ्यावा लागला.

हाँगकाँगच्या वाट्याला थोडी अधिक वर्षे आली, इतकेच. त्याचे कारणही चीनच्या गरजेत शोधावे लागते. १ जुलै १९९७ रोजी हस्तांतर झाले तेव्हा एकट्या हाँगकाँगचे उत्पन्न संपूर्ण चीनच्या उत्पन्नाच्या सुमारे १८ टक्के होते. आज ते दोन टक्क्यांच्या आसपास आहे. शांघाय आणि शेनझेन उभे राहिले, लोणी इतर शिंक्यांवरही साठू लागले, तसतसा संयम विरळ होत गेला. २००३ साली राष्ट्रीय सुरक्षेच्या विधेयकाविरुद्ध सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ते मागे घेण्यात आले. २०१४ साली खऱ्या निवडणुकांसाठी तरुणांनी छत्र्या उघडून ७९ दिवस ठाण मांडले, पण हाती काही लागले नाही. ३० जून २०१७ रोजी चीनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने सांगूनच टाकले की, १९८४ चे घोषणापत्र हा एक ऐतिहासिक दस्तऐवज असून त्याला आता व्यावहारिक अर्थ उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघात नोंदवलेल्या कराराची ही किंमत!

२०१९ साली प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध जनसागर उसळला. नोव्हेंबरमधील जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत लोकशाहीवाद्यांनी १८ पैकी १७ परिषदा जिंकल्या. जनतेने शांततेने दिलेल्या या कौलाला बीजिंगचे उत्तर ३० जून २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने आले. तो हाँगकाँगच्या विधिमंडळाने केला नाही. तो बीजिंगमध्ये तयार झाला आणि अंमलात येईपर्यंत हाँगकाँगच्या नागरिकांना त्याचा मजकूरही पाहायला मिळाला नाही. २०२१ साली विधिमंडळातील थेट निवडून द्यावयाच्या जागा ७० पैकी ३५ वरून ९० पैकी २० वर आणल्या गेल्या आणि उमेदवारांना 'देशभक्ती'च्या चाळणीतून जाणे भाग पडले. त्याच वर्षी जूनमध्ये 'ॲपल डेली' हे निर्भीड दैनिक बंद पडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४५ लोकशाहीवाद्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. त्यांचा अपराध काय, तर उमेदवार ठरवण्यासाठी त्यांनी आपसांत प्राथमिक मतदान घेतले होते. ५० वर्षांचे वचन २३ वर्षांतच मोडीत निघाले होते.

ब्रिटनही निर्दोष नाही

या शोकांतिकेचे सारे खापर एकट्या चीनवर फोडणे मात्र सत्याला धरून होणार नाही. दीडशे वर्षे राज्य करणाऱ्या ब्रिटनने विधिमंडळाच्या थेट निवडणुका घेतल्या त्या १९९१ साली, ६० पैकी अवघ्या १८ जागांसाठी, तेही जाता जाता. बहुसंख्य हाँगकाँगवासीयांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाकारून केवळ प्रवासाचे कागद हातात ठेवले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांचे काय होणार, हाही प्रश्न होता. चिनी वंशाचे नसल्याने चीन त्यांना आपले मानणार नव्हता आणि ब्रिटन हात झटकत होता. दीर्घ झगड्यानंतर, हस्तांतराला काही महिने उरले असताना, १९९७ साली त्यांच्यासाठी ब्रिटिश नागरिकत्वाचा कायदा झाला. साम्राज्ये जाताना आपला ध्वज सन्मानाने उतरवतात, माणसे मात्र मागे टाकून जातात. फाळणी अनुभवलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

आपण काय शिकायचे?

काही जण म्हणतील, हाँगकाँग हा चीनचा अंतर्गत प्रश्न आहे, आपल्याला त्याचे काय? शिवाय तेथील शेअर बाजार चालू आहे, बंदरे गजबजलेली आहेत, मग बिघडले काय? या प्रश्नाचे उत्तर गलवानच्या खोऱ्यात मिळते. १५ जून २०२० रोजी तेथे आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी हाँगकाँगवर सुरक्षा कायदा लादला गेला. सीमेवर शांतता राखण्याचे १९९३ आणि १९९६ चे करार आपल्याकडे होते, हाँगकाँगकडे १९८४ चे घोषणापत्र होते. दोन्हीकडील कागद तसेच राहिले आणि परिस्थिती 'परिपक्व' झाल्याचा निर्णय चीनने एकट्यानेच घेतला.

म्हणून चीनशी वाटाघाटी करूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. शेजारी बदलता येत नाहीत, त्यांच्याशी बोलावेच लागते. परंतु चीनने काय लिहून दिले याबरोबरच आज त्याला आपली गरज किती आहे आणि उद्या ती किती उरेल, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. त्याने एखादा दावा उच्चारला नाही म्हणून तो सोडला असे मानता कामा नये. आणि ज्या शांततेच्या काळात तो प्रतीक्षा करतो, त्याच काळात आपले रस्ते, पूल, बोगदे, सीमेवरची गावे आणि कारखाने उभे राहिले पाहिजेत. परिस्थिती परिपक्व होऊ न देणे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. शेनझेन नदीच्या काठी चीन ४८ वर्षे थांबला, कारण थांबण्यात त्याचा लाभ होता. पुढे येणे परवडणार नाही इतके सामर्थ्य हिमालयाच्या माथ्यावर त्याच्यासमोर उभे करणे, हेच आपले कर्तव्य आहे. हाँगकाँगच्या तरुणांपाशी केवळ छत्र्या होत्या. भारतापाशी त्याहून कितीतरी अधिक आहे, याची जाणीव ठेवून ते सामर्थ्य अखंड वाढवत राहिले पाहिजे.